जुन्या जावाचा विमा: नऊ हजारांच्या आयडीव्हीवर सही करू नका

प्रश्न: वडिलांची १९६९ ची जावा २५० आमच्याकडे आहे. वडील २०२१ मध्ये गेले. त्यानंतर गाडी झाकूनच होती. गेल्या वर्षी इंजिन, वायरिंग, रंग, क्रोम सगळं करून घेतलं, बिलं एक लाख चाळीस हजारांपर्यंत गेली. आता विमा काढायला गेलो तर ऑनलाइन आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, नऊ हजार दाखवतात. ओळखीचा एजंट म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) घ्या आणि विषय संपवा. जावावाला एक मित्र म्हणतो, व्हिंटेज नोंदणी कर आणि ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ची पॉलिसी माग. रविवारी गाडी बाहेर काढतो, बायको मागे असते. जुलैत जावा-येझदी डेच्या राइडलाही जातो. एरवी गाडी बिल्डिंगच्या तळपार्किंगमध्ये असते. नेमकं काय घ्यावं? आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: जे वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय, तिथूनच सुरुवात करायला हवी. आरसी वडिलांच्या नावावर असेपर्यंत कुठल्याही पॉलिसीवर घातलेला पैसा वाया जाऊ शकतो. दुचाकीच्या पॉलिसीत अट असते की विमाधारक वारल्यास पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालते. तेवढ्या काळात वारसाने नाव बदलून घ्यायचं असतं. तुमच्याकडे ती मुदत केव्हाच उलटून गेली. ऑनलाइन वडिलांचं नाव टाकून हप्ता भरला तर कागद मिळेल, चौकातला पोलीसही तो मान्य करील. पण गाडी चोरीला गेली की पहिला प्रश्न येईल, करार कोणाशी झाला होता?

आरटीओत फॉर्म ३१ भरून वारस म्हणून स्वतःचं नाव लावून घ्या. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना हरकत, प्रतिज्ञापत्र, मूळ आरसी बुक, पीयूसी आणि चालू विमा एवढं लागेल. उशिराचा दंड पडेल, तो भरून टाका. इथे हमखास एक कोंडी होते. आरटीओ चालू विमा मागतं आणि विमा कंपनी आरसीवरचं नाव मागते. ही कोंडी संकेतस्थळावर सुटत नाही, कंपनीच्या शाखेत सुटते. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पुढे ठेवा, प्रस्तावात खरी परिस्थिती लिहा आणि कायदेशीर वारस म्हणून आधी फक्त लायबिलिटी, म्हणजे थर्ड पार्टी, पॉलिसी मागा. आरसीवर तुमचं नाव चढलं की तिच्या जागी पुढची पॉलिसी घ्या.

त्याच फेरीत आरसीवरच्या आणखी तीन गोष्टी तपासा. एक, नोंदणीची मुदत. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी झाकून ठेवली होती, तेव्हा हे राहून गेलं असण्याची दाट शक्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये एका चोरीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या मूलभूत अटीचा भंग आहे. त्या प्रकरणात पॉलिसी चालू असूनही दावा नाकारला गेला.

दोन, तीन अक्षरी जुना नंबर आणि हाताने लिहिलेलं आरसी बुक असेल तर गाडी ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आहे का ते पाहा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदीची ऑनलाइन भरणी) करून घ्या. विमा कंपन्या आता नंबर टाकून तिथूनच माहिती ओढतात. तिथे गाडी सापडली नाही की शाखेतला माणूसही हात वर करतो.

तीन, इंजिन आणि चासीचे नंबर. जावाच्या फ्रेमवर येझदीचं इंजिन सर्रास आढळतं. वीस-तीस वर्षांपूर्वी कुणी तरी बदललेलं असतं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. आरसी हातात घेऊन दोन्ही नंबर अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर आरटीओत तशी नोंद करून घ्या. रंग बदलला असेल तर त्याचीही. शिवाय फ्रेमला पुटी किंवा पावडर कोटिंग केलं असेल तर नंबराची अक्षरं बुजलेली असतात आणि पेन्सिलने चासी प्रिंट उमटत नाही. अशा वेळी थिनर लावून तेवढा भाग हलक्या हाताने मोकळा करा. नंबर परत ठोकून मात्र अजिबात घेऊ नका. तसं केलं की तुमचीच गाडी संशयास्पद ठरते.

आता तुमच्या एजंटच्या सल्ल्याकडे. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे, त्याला पर्याय नाही. जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १५० ते ३५० सीसी गटाचा वर्षाचा दर १,३६६ रुपये आहे आणि तुमची जावा त्याच गटात येते. अठरा टक्के जीएसटी धरून साधारण १,६१२ रुपये. (व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात निम्मी सवलत असते हे तुम्ही ऐकलं असेल, पण ती खासगी मोटारींना आहे, दुचाकींना नाही.) पण ‘थर्ड पार्टी घ्या आणि विषय संपवा’ हे तुमच्या बाबतीत चुकीचं आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण तुमची गाडी नाही, मागे बसणाऱ्या तुमच्या पत्नी आहेत. निव्वळ लायबिलिटी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली, भाडं न देणारी व्यक्ती ‘थर्ड पार्टी’त मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवलं. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण ज्याला ‘फुल’ म्हणतो तिच्यात, मागची व्यक्ती येते, हे विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. गाडीची किंमत शून्य धरली तरी एवढ्या एका कारणासाठी आम्ही तुम्हाला पॅकेजच घ्यायला सांगू. त्यात मागे बसणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमाही जोडून घ्या. चालक-मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचाच आहे. तेवढ्या रकमेचा तुमच्याकडे आधीच असेल तर तो परत घ्यायची गरज नाही.

प्रस्तावात एक छोटा चौकोन असतो: तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा एक लाखावरून सहा हजारांवर आणायची का? त्याबद्दल हप्त्यात पन्नास रुपये सुटतात. त्यावर कोणी परस्पर खूण केली नाही ना, हे बघा. आजच्या मोटारीचा नुसता हेडलाइट फुटला तरी सहा हजार पुरत नाहीत.

मित्राच्या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. व्हिंटेज नोंदणीचे केंद्रीय नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची जावा वयाने पात्र आहे. पण त्या नोंदणीनंतर गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, नियमित वापर चालत नाही. तुम्ही दर रविवारी दोघं मिळून फिरायला जाता. असा वापर असताना व्हिंटेज नोंदणी केली तर विम्याच्या दाव्यात वापराच्या मर्यादेचा प्रश्न तुम्ही स्वतःच तयार कराल. आमच्या मते साधी खासगी नोंदणी चालू ठेवा आणि वेळेवर नूतनीकरण करत राहा.

ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे गाडी पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम बिनघसारा मिळणं. आपल्याकडच्या मोटार दरपत्रकात अशी पॉलिसी फक्त व्हिंटेज मोटारींसाठी ठेवलेली आहे, आणि त्यातही ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेल्या. दुचाकीला ती नाही. पण म्हणून हळहळू नका, कारण तिचा फायदा तुम्हाला दुसऱ्या वाटेने मिळतो. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांना आयडीव्हीचा ठरलेला तक्ता लागू होत नाही. ती रक्कम कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. आणि एकदा ठरलेली आयडीव्ही त्या वर्षभर बाजारभाव म्हणूनच धरली जाते, संपूर्ण नुकसानीत तिच्यावर पुन्हा घसारा लागत नाही. म्हणजे तुमचं सगळं भांडण ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ या शब्दासाठी नाही, आयडीव्हीच्या रकमेसाठी असायला हवं.

ही रक्कम कमी राहिली तर काय होतं, हे नीट समजून घ्या. ‘चोरीला गेली तर नऊ हजारच मिळतील’ एवढ्यावर हे थांबत नाही. समजा, ज्योतिबाच्या घाटात वळणावर गाडी घसरली. फोर्क वाकला, डूम (हेडलाइटचं कवच) चेपला, हँडल गेलं, एक सायलेन्सर दबला, टाकीचा रंग खरवडला. बिल असं येतं: धातूचे सुटे भाग १८,०००, रबरी भाग आणि टायर २,०००, रंगकाम ८,०००, मजुरी ६,०००. एकूण ३४,०००. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा, म्हणून मिळतात ९,०००. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर वय काहीही असो, पन्नास टक्के, म्हणून १,०००. रंगाचं बिल एकत्रित असेल तर त्यातला पाव हिस्सा माल धरून त्याच्यावर पन्नास टक्के कापतात, म्हणून ७,०००. मजुरी पूर्ण. शंभर रुपयांची सक्तीची वजावट काढली की कंपनीची देणी २२,९०० रुपये. (डूमच्या काचेवर घसारा नसतो, म्हणून काचेचा भाव बिलात वेगळा दाखवायला सांगा.)

आता दुसरा नियम. अटी लावून निघणारा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. आयडीव्ही दीड लाख असेल तर ही रेषा १,१२,५०० वर आहे. तुमचं घसरणं त्याच्या आसपासही नाही, २२,९०० मिळतील आणि गाडी दुरुस्त होईल. आयडीव्ही तीस हजार असेल तर रेषा २२,५०० वर येते आणि चारशे रुपयांसाठी तुमची जावा टोटल लॉस ठरते. नऊ हजारांच्या आयडीव्हीवर रेषा ६,७५० ची आहे. फोर्क आणि डूम मिळूनच ती ओलांडली जाईल. टोटल लॉस ठरलं की कंपनी आयडीव्ही देऊन गाडी ताब्यात मागते आणि आरसी रद्द करायला लावते. भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्यायची आणि गाडी स्वतःकडे ठेवायची, असाही तोडगा असतो, पण तो तुम्हाला लेखी मागावा लागतो आणि सही करण्याआधी मागावा लागतो. आयडीव्ही कमी ठेवून वाचवलेला हप्ता असा वडिलांच्या गाडीवर उलटतो. हा विषय म्हणूनच आम्हाला इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

आणि वाचतं तरी किती? स्वतःच्या नुकसानीचा हप्ता जुन्या दरतक्त्याप्रमाणे आयडीव्हीच्या पावणेदोन ते दोन टक्क्यांच्या आसपास येतो. दीड लाखाला वर्षाला साधारण २,६०० ते ३,००० रुपये आणि वर जीएसटी. कंपन्या यावर सूटही देतात, तेव्हा घासाघीस करा.

ही आयडीव्ही संकेतस्थळ देणार नाही. तिथलं गणित वयावर चालतं आणि १९६९ ची गाडी त्याला भंगार वाटते. परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन अहवाल करून घ्या. त्यात इंजिन आणि चासी नंबर, केलेल्या कामाचा तपशील, सध्याची स्थिती आणि ठरवलेली किंमत हवी. दोन्ही बाजूंचे, दोन्ही नंबरांचे, मीटरचे, टाकीच्या क्रोम पॅनेलचे फोटो जोडा. खर्चाची बिलं जोडा, पण एक लाख चाळीस हजार खर्च आला म्हणजे तीच किंमत, असं समजू नका. तशाच स्थितीतल्या जावा सध्या कितीला विकल्या जातात, त्याचे दोन-तीन पुरावे जोडलेत तर अंडररायटरला (विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला) ‘हो’ म्हणणं सोपं जातं. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्यांच्या आणि जमल्यास एखाद्या खासगी कंपनीच्या शाखेत हे एकच पाकीट द्या. पॉलिसी खंडित असल्याने गाडीची तपासणी होईल, तेव्हा ती धुऊन, चालू स्थितीत दाखवा. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं असेल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर प्रस्तावात लिहा. झिरो डेप (घसारा न कापणारी पुरवणी) मागून बघायला हरकत नाही, पण ते बहुधा पाच-सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच मिळतं, त्यामुळे वरचा घसारा गृहीत धरूनच चला.

‘लायबिलिटी आणि त्यावर फक्त आग-चोरी’ असा स्वस्तातला मधला पर्यायही काही शाखा सुचवतील. दिवाणखान्यात ठेवलेल्या, वर्षातून एखाद्या वेळी सुरू होणाऱ्या गाडीला तो ठीक आहे. तुम्हाला नाही. तुमची गाडी तळपार्किंगमध्ये आहे आणि शहर कोल्हापूर आहे. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर तुम्ही पाहिला आहे. पुराचं नुकसान आग-चोरीच्या पॉलिसीत येत नाही, पॅकेजमध्ये येतं. पाणी शिरलंच तर किक मारू नका. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये पाणी-गाळ असताना इंजिन फिरवलं की बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड जातात, आणि हे नुकसान पुराने नाही, तुम्ही किक मारल्याने झालं, असं सर्व्हेअर लिहितो. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने पाहिल्यावरच गाडी खोला. घरसामानाच्या विम्यात गाडी आपोआप येईल असंही धरू नका, त्यात वाहनं वगळलेली असतात.

पॅकेजमध्येही काही गोष्टी बसत नाहीत. ऑइल कमी पडून इंजिन जाम झालं, कॉइल जळली, गंज चढला, यातलं काही मिळणार नाही. ती झीज किंवा बिघाड आहे. शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा कस पाहणाऱ्या स्पर्धा) वगळलेल्या आहेत. जुलैची राइड शर्यत नाही हे खरं, पण आयोजकांनी वेळ लावून टप्पे ठेवले असतील तर वाद होऊ शकतो. त्या कार्यक्रमाचं पत्रक शाखेत दाखवून ‘आयएमटी ३१’ ही रॅली-ट्रायलसाठीची पुरवणी लागते का ते आधी लेखी विचारा. गाडी टेम्पोने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसान मूळ पॉलिसीतच येतं, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. अपघातानंतर गाडी उचलून नेण्याचे मात्र तीनशेच रुपये मिळतात, ती मर्यादा जादा हप्ता देऊन वाढवून घ्या. गाडी जागेवर ठेवून चोराने फक्त ॲक्सेसरी काढून नेल्या तर दुचाकीच्या पॉलिसीत काही मिळत नाही. महागाचं कॅरिअर, लेग गार्ड, जादा दिवे बसवले असतील तर ‘आयएमटी ३३’ ही ॲक्सेसरींच्या चोरीची पुरवणी मागा आणि प्रत्येक वस्तूची किंमत लिहून द्या.

चोरीच्या दाव्यात कंपनी मूळ किल्ल्या मागते. जुन्या जावाची पिनेसारखी किल्ली कुठल्याही जावाला लागते हे सर्व्हेअरला माहीत असेलच असं नाही. एकच किल्ली असेल तर ते प्रस्तावातच लिहा. गाडीची वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अट आहे, तेव्हा पार्किंगमध्ये चाकातून भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या कडीपर्यंत जाड साखळी-कुलूप लावा आणि त्याचं बिल जपून ठेवा.

बिलांचं आणखी एक. जुन्या गाड्यांचे चांगले मिस्त्री आणि क्रोमवाले बहुधा बिल देत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या डूमला तर पावती नसतेच. सर्व्हेअर कागदावर चालतो. म्हणून गाडी खोलण्याआधी मिस्त्रीकडून लेटरहेडवर भाग, मजुरी आणि रंग वेगवेगळे लिहिलेलं अंदाजपत्रक घ्या आणि जुना भाग कुठून, कितीला आणणार हे सर्व्हेअरकडून ई-मेलवर मान्य करून घ्या. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं आणि फी लागत नाही.

पहिल्या वर्षी दावा न केल्यास पुढच्या वर्षी २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळतो आणि तो वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिसीत नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की तो जातो. तेव्हा हजार-दीड हजाराच्या ओरखड्यांसाठी दावा करू नका. आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाची नोटीस आली की आधी आयडीव्हीचा आकडा बघा, कारण यंत्रणा तो स्वतःहून कमी करून पाठवते. मुदत संपायच्या तीन आठवडे आधी जुनी पॉलिसी आणि मूल्यांकन अहवाल घेऊन शाखेत जा, रक्कम दुरुस्त करून घ्या आणि मगच हप्ता भरा.